आमच्या डायवरचा कंडक्टर

सवत म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे बाई उभी राहते. माझ्या सवतीला पांढऱ्या मिशा होत्या. अंगात खाकी शर्ट, डोक्याला चमेलीचं तेल, आणि खिशात जुना तिकीट-पंच, तो रिकामाच दाबत राहायची सवय. फाटकाशी चिक्‌ चिक्‌ आवाज आला की मी समजायची, आले महाराज. माझी आंघोळ व्हायची असायची, तुळशीला पाणी घालायचं असायचं, आणि हा बुवा ओसरीवरच्या खुर्चीत बसून विचारायचा, "वैनी, गाडी धुऊन झाली का?" गाडी म्हणजे माझा नवरा.

आमचे हे आर्णीच्या डेपोत डायवर होते आणि हा त्यांचा कंडक्टर. आर्णी-यवतमाळ, आर्णी-महागाव, कधी पार पांढरकवड्यापर्यंत. ड्यूट्या बदलतात, माणसं बदलतात, पण ही जोडी काही फुटली नाही. कुणाशी अदलाबदल करून, कुणाच्या हातापाया पडून दोघं एकाच गाडीवर. तो आर्णीजवळच्या एका तांड्यावरचा. बायको लवकर वारली, लेकरू नाही, डेपोमागे एका खोलीत एकटा राहायचा. माझ्या नवऱ्याला भिया म्हणायचा, आणि हेही त्याला भियाच म्हणायचे. त्यांच्या गोरबोलीत भिया म्हणजे भाऊ. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथे घातले होते, आणि ते तो असं सांगायचा जसा काही स्वतः बैल हाकत होता. "आमची जातच लदेणीची, वैनी. बैल गेले, बस आली. माल वाटेत सांडू द्याचा नाही, हेच काम."

ज्यांना गाडीचं माहीत नाही त्यांना सांगते. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चाल. डायवर मागे वळून बघत नाही. म्हातारी चढली का, पोराचा पाय दारात आहे का, हे सगळं कंडक्टरने बघायचं आणि दोरी ओढायची. डायवरने त्या टिणटिणीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. घरी मी तीनदा "जेवायला या" म्हटल्यावर ह्यांचा एक हुंकार यायचा. तिथे दोन टिणी वाजल्या की पाय लगेच क्लचवर. मला हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून टोचत आलेलं आहे, खोटं कशाला बोलू.

मी शाळेत मराठी शिकवायची. पोरांपुढे भाषा अगदी इस्त्रीची, पण राग आला की तोंडातून आईचीच वऱ्हाडी निघते, आणि त्या माणसाने माझ्या तोंडून जितकी वऱ्हाडी काढली तितकी कोणी काढली नाही.

आम्ही सगळेच मागेपुढे रिटायर झालो. मी मनात म्हटलं, चला, सुटली गाडी, आता हा माणूस माझा. सकाळचा चहा दोघांचा, संध्याकाळी दोघं फिरायला, एखाद्या वर्षी कुठे दूर जाऊन येऊ. अन् त्याच वर्षी ह्यांच्या पायांना सूज आली. शुगर होती, बीपी होतं, दोन्हींनी मिळून आतल्या आत किडन्या खाल्ल्या होत्या. यवतमाळला मोठ्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. मी साडी बदलून बाहेर आली तर रिक्षात हा आधीच बसलेला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रक्तात पोटॅशियम म्हणून एक असतं. ते चांगलंच असतं, सगळ्यांना लागतं, पण जास्तीचं बाहेर टाकायचं काम किडनीचं. किडनी थकली की ते साठतं, आणि साठलं की थेट हृदयाच्या ठोक्यावर येतं. "दुखत नाही, खुपत नाही, एकदम होतं," डॉक्टर म्हणाले. "म्हणून ताटात काय पडतं ते बघायचं." केळं नको, संत्रं नको, शहाळं तर नकोच. टमाटर, पालक, खजूर, मनुका बंद. डाळ बेताची. आलू खायचाच झाला तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी घालायची. पालेभाजीचंही तसंच. पोटॅशियम पाण्यात उतरतं, पाण्याबरोबर जातं.

हे सगळं डॉक्टर मला सांगत होते, कारण बायको मी होती. पण माझ्या आणि ह्यांच्या मधल्या खुर्चीत तो बसला होता आणि माना तो डोलवत होता. मी काही विचारायला तोंड उघडलं की त्याआधी हा, "साहेब, फल्लीदाण्याचं कसं?" साहेब म्हणाले, शेंगदाणे बेताबेताने. तर हा मला म्हणतो, "ऐकलं ना, वैनी?" जशी काही मी बहिरी.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात चेकिंग सुरू झालं. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली की तो प्रत्येक जिन्नस उचलून बघायचा. केळं म्हणजे स्टाफ आहे सांगून फुकट चढणारा. टमाटर म्हणजे गर्दीचा फायदा घेणारा, वरणात लपतो, रश्शात लपतो, उतरव म्हटलं तरी उतरत नाही. शहाळं म्हणजे पांढऱ्या कपड्यातला पुढारी, त्याला तिकीट विचारायची कोणाची हिंमत नाही. दोडकं, दुधी, कोबी, काकडी हे पासवाले विद्यार्थी, रोज येऊ द्या. "वाईट कोणीच नाही, वैनी," तो म्हणायचा, "सारेच आपले पासिंजर. पण आपली गाडी जुनी झाली. ओव्हरलोड नाही चालत."

मी म्हणायची, "भाऊजी, गाडी माही आहे."

"गाडी तुमचीच. मी कंडक्टर."

मी त्याच्या हातातलं दोडकं ओढून घेतलं.

आता ताटाचं सांगते, म्हणजे माझी आग कुठून निघत होती ते कळेल. मी ताट वाढून आणायची. कोबी उकडलेला, पाणी काढलेला, वरून लिंबू. वरण पातळ, जेमतेम वाटीभर. भाकरी. ह्यांच्यापुढे ठेवायची. आणि माझा नवरा घास घ्यायचा नाही. मांडीवर हात ठेवून बसायचा. मग तो समोरचा माणूस ताटावर एकदा नजर फिरवायचा, वाटी थोडी हलवून बघायचा, आणि ताटाच्या काठावर नखाने दोनदा वाजवायचा. टिण, टिण. मग हे जेवायला लागायचे. दोघंही हसायचे. मी रांधायची, मी वाढायची आणि मंजुरी त्याची. एकदा मी वैतागून म्हटलं, "तुमाले माह्यावर भरोसा नाही का?" तर हे म्हणतात, "अवं, गंमत आहे." मला त्या गमतीत कोणी घेतलं नव्हतं.

तो स्वतःही तेच खायचा. मीठ कमी, आंबट नाही, उकडलेलं गिळगिळीत. त्याच्या किडन्या ठणठणीत होत्या, बस फोडण्याएवढा धडधाकट होता, पण भियाला जे नाही ते आपल्याला नाही. संत्र्याच्या दिवसांत आमच्याकडे रस्त्याच्या कडेला ढीग लागतात. तो संत्र्याचा असा वेडा की नोकरीत असताना प्रत्येक स्टॉपवर एक सोलायचा आणि अर्धं पुढे केबिनमध्ये द्यायचा. त्याने संत्रं सोडलं. बोलला नाही, नुसतं सोडलं. मला ते ह्यांनी सांगितलं. ओसरीवर बसून, डोळे भरून आलेले, "पाह्य, माह्यासाठी संत्रं सोडलं त्यानं."

मी तेव्हा आत केळं खाऊन आली होती. तो हिशेब माझ्याही डोक्यात लगेच आला, ह्यांच्याही आला असावा. मी म्हटलं, "मी कायले सोडू? दोघंबी अशक्त झालो तर तुमाले उचलंन कोण?" बोलली खरं, पण रात्रभर ते एक संत्रं माझ्या छातीवर बसून होतं.

त्याचं सगळंच वाईट होतं असं नाही. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं तर हातात शहाळं, पिशवीत केळी, नाहीतर लोक म्हणतात रिकाम्या हाती आली. माझी नणंद केळापूरहून आली, शहाळ्यांनी भरलेली थैली घेऊन. हा फाटकातच उभा. "बाई, सामान इथीच उतरवा." ती म्हणाली, मी बहीण आहे त्याची. हा म्हणाला, "म्हणूनच सांगून राह्यलो. बहिणीनं आणलेलं तो नाही म्हनन का?" थैली घेतली आणि बसस्टँडवर नेऊन हमालांना वाटून आला. नणंदेचं तोंड असं झालं होतं की मला त्या दिवशी तो थोडासा आवडला. संध्याकाळी पुन्हा ताटावर टिण टिण केलं, तेव्हा पुन्हा नावडला.

आणि ते मीठ. माझ्या भाचीने शहरातून एक पुडा आणला, कमी सोडियमवालं मीठ, बीपीवाल्यांसाठी. मला वाटलं बरं झालं, ह्यांच्या तोंडाला थोडी तरी चव येईल. तो म्हणाला, "पुडा चकचकीत आहे, मले पटत नाही." एवढंच कारण. मी मुद्दाम डॉक्टरांना फोन केला, त्याचं नाक कापायला. डॉक्टर म्हणाले, अजिबात देऊ नका, सोडियम काढून त्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं त्यात. फोन कोणी केला? मी. पण आठवडाभर डेपोसमोरच्या चहाटपरीवर काय चर्चा, तर कंडक्टरने पुडा नुसता पाहून ओळखला. आमचे हे तिथे बसून माना हलवत होते. घरी आल्यावर मी विचारलं, "फोन कोणी केलता?" म्हणाले, "तूच केलता. पण पहिला डाउट त्याचा." पहिला डाउट त्याचा. घ्या.

लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, असा मित्र कुणाला मिळतो. मी म्हणायची, हो ना. आतून जळून कोळसा. त्याने ह्यांची सेवा केली ह्याचं मला दुःख नव्हतं. दुःख हे की ती माझी जागा होती. नवरा तरुण असताना गाडीने नेला, म्हातारपण तरी माझ्या वाट्याला यायला पाहिजे होतं. त्या दोघांची कुजबुज मी आत आली की बंद व्हायची. बायका बोलत असताना पुरुष आला की बायका गप्प होतात ना, तसं. काय बोलत होते विचारलं तर, "काही नाही, डेपोचं." रिटायर होऊन डेपोचं काय एवढं असतं?

मग महागावची माझी बहीण पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. तिची सून एकटी, मला जाणं भाग होतं. मी ह्यांना सोबत चला म्हटलं तर हे म्हणाले, पथ्य मोडंल. तो पुढे झाला. "वैनी, बिनधास्त जा. स्वयंपाक मी पाहतो. एकटा माणूस आहो, भाकरी थापता येते मले." मी त्याला सगळं पुन्हा सांगितलं. बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकडा, पाणी काढा. तो मिशीत हसला. "मले सांगता?"

महागावहून मी रोज फोन करायची. बहीण पलंगावर कण्हतेय आणि मी मोरीशी उभी राहून विचारतेय, आज काय खाल्लं. ह्यांचा आवाज खुशीत. "आलू खाल्ला आज. उकडून, पाणी काढून. लय दिवसांनी." दुसऱ्या दिवशी, "चाकवत केलता. अन् भाकर काय करते तो, बाप्पा. मऊ, अन् चव कशी, नुसती खात राहावं." मी म्हटलं, "माही वातड राहाते का?" म्हणाले, "तसं नाही, पण हिची चव काही औरच आहे." मी फोन ठेवला. बहिणीच्या सुनेने विचारलं, मावशी, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, रेंज गेली. माझ्या हातची भाकरी ह्या माणसाने माझ्या आयुष्यभर खाल्ली, कधी एकदा चवीचं बोलला नाही.

अन् एके दुपारी फोन उलटा आला. तो बोलत होता, पण त्याचा आवाज मला ओळखू येईना. "वैनी, भियाचे पाय उचलून नाही राह्यले. यवतमाळले घेऊन जाऊन राह्यलो. तुम्ही तिकडूनच या."

मी महागावहून यवतमाळला कशी पोचली ते विचारू नका. दवाखान्यात गेली तर हे आत, काचेपलीकडे, छातीला तारा चिकटवलेल्या. सुया लावल्या होत्या. डॉक्टर बाहेर आले. पोटॅशियम खूप चढलंय, ठोका बिघडलाय, औषधं सुरू केलीत, आजचा दिवस बघू. मग विचारलं, जेवणात काय होतं? तो एकेक सांगायला लागला. उकडलेला आलू, उकडलेला चाकवत, दुधी, भाकरी. सगळं बरोबर. डॉक्टरांच्या कपाळाला आठी. मी बघत होती त्याच्याकडे. भाकरीपाशी आल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी सटकन हललं.

मी विचारलं, "भाऊजी, भाज्यांचं पाणी कुठी फेकलं?"

तो म्हणाला, "पाणी काढलं ना, वैनी. थेंब नाही ठेवला भाजीत."

"काढलं. मंग कुठी गेलं?"

"भाकरीले गरम पाणी लागतेच ना," तो म्हणाला. "त्याच्यातच पीठ भिजवलं. आमची याडी असंच करे. उकडीचं पाणी कोणी ओतून देते का?" आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरत गेला. वाक्य संपेपर्यंत त्याला कळलं होतं.

त्याची आईच कशाला, माझीही आई हेच करायची. ज्वारीचं पीठ गरम पाण्याशिवाय जुळत नाही, भाकरी चिरते. चुलीवर भाजी उकडतेय, तिचं गरम पाणी आयतं आहे, त्याला चव आहे, तर कोण बाई वेगळं पाणी तापवत बसेल? आमच्या अख्ख्या मुलखात हेच चालतं. भाजीतून उतरवलेला पासिंजर त्याने भाकरीतून पुन्हा चढवला होता. हे मला त्या क्षणी सगळं समजत होतं. पण त्या क्षणी माझ्या अंगात जे आलं ते समजूतदार नव्हतं. नवरा काचेपलीकडे मरणाच्या दारात होता, आणि तरी आत कुठेतरी एक बाई टाळ्या पिटत होती. सापडला.

मी त्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर त्याला धुतला. "मोठे चेकिंग करत होते माह्या घरी. माह्या ताटाले टिचक्या मारत होते. एका बाईले विचारलं असतं तर कमीपणा आला असता? माह्या हातचं खाऊन एकदा तरी असं झालं का?" तो भिंतीला टेकून उभा होता. हात खिशात होता, पण पंच वाजत नव्हता. डॉक्टर मध्ये पडले. "बाई, एवढ्यानेच झालं असं नाही. किडनीची ताकद अजून उतरली आहे, ते कधीतरी होणारच होतं." मी ते ऐकून घेतलं नाही. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं होतं.

मग नर्स आली. म्हणाली, पेशंट शुद्धीवर आहे, आत एकालाच थांबता येईल, कोण थांबणार ते ठरवा. ठरवायचं काय त्यात? मी पदर खोचला आणि आत गेली. ह्यांच्या कपाळावर हात ठेवला. म्हटलं, "मी आली. मी थांबते." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

"त्याले थांबू दे," हे म्हणाले. "तू घरी जा. थकली असशीन."

मी म्हटलं, "कोणाले?"

"भियाले."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, त्या माणसाने भाकरीत काय मळलं ते. हे डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "असू दे. त्याले पाठव."

मी बाहेर आली. तो तसाच भिंतीशी. मी दाराकडे बोट केलं. तो आत गेला. काचेतून मी पाहिलं, तो स्टुलावर बसला आणि माझ्या नवऱ्याने त्याचा हात धरला. त्याची पाठ माझ्याकडे होती, आणि ह्यांचं तोंड त्याच्याकडे वळलेलं. एवढ्या वर्षांत मी कुणाचं वाईट चिंतलं नाही, पण त्या काचेपाशी उभी राहून मी त्या माणसाचं चिंतलं. असं वाटलं की भाकरीतलं ते सगळं त्याच्याच नसांत चढावं. मग बाहेर जाऊन झाडाखालच्या बाकावर बसली. घरी मी गेली नाही. जाते म्हणून सांगितलं, पण गेली नाही.

हे वाचले. आठवड्यातून ठरल्या वारी डायलिसिस लागलं, पण घरी आले. आणि तो यायचा बंद झाला. फाटकाशी आवाज नाही, ओट्यावर चेकिंग नाही. मला पाहिजे होतं ते झालं. मी ताट वाढायची, हे जेवायचे, कोणी टिचक्या मारत नव्हतं. फक्त हे बोलत नव्हते. चार घास, की ताट सरकवलं. ओसरीवर बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे, जसा काही स्टँड आहे आणि गाडी लेट आहे. मी काही दिवस दम धरला. मग चप्पल घातली आणि डेपोमागच्या त्याच्या खोलीवर गेली.

तो खाटेवर बसून होता. उठला. मी म्हटलं, "काहून नाही येऊन राह्यले?"

"कोणत्या तोंडानं येऊ, वैनी?"

"जे आहे त्याच तोंडानं या. तिकडे तुमचा भिया उपाशी मरून राह्यला." हे काही मी प्रेमाने म्हटलं नाही. नवऱ्याला जगवायला सवतीला बोलावून आणावं लागतं, ह्याचा कडूपणा माझ्या जिभेवर होता आणि त्याला तो कळलाही असावा. तो गुपचूप शर्ट घालून मागे मागे आला.

त्यानंतर त्याने माझ्या ओट्याला हात लावला नाही. दाराच्या चौकटीत उभा राहून विचारायचा, "वैनी, आज भेंडी जमते का?" डॉक्टरांना नव्हे, मला. मी ठरवायची. जिंकलीच म्हणा ना. पण जेवण झालं की दोघं ओसरीवर जायचे आणि कुजबुज सुरू. मी भांडी घासताना नळ बंद करून ऐकायचा प्रयत्न करायची. शब्द कळायचे नाहीत. हसणं यायचं नाही. नुसता हळू हळू आवाज, एकदा ह्यांचा, एकदा त्याचा.

गेल्या पोळ्यानंतर तो गेला. ताप आला, त्याने अंगावर काढला, आम्हाला कळेपर्यंत दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता. ह्यांनी तांड्यावर जाऊन त्याला खांदा दिला. डायलिसिसच्या हाताने, ज्याने ओझं उचलायचं नसतं. मी नको म्हटलं नाही. मीही रडली. कुणाला वाटलं मी त्याच्यासाठी रडतेय. थोडी त्याच्यासाठीही.

परवाची गोष्ट. दुपार होती, दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं होतं. मी दोडक्याची भाजी वाढली. हे भाजीकडे बघत बसले. मी म्हटलं, "थंडं होऊन राह्यलं." तर हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले एक सांगू? यवतमाळले त्या दिवशी मी त्याले काहून ठेवलं आत, माहीत आहे?"

मी हातातला डाव खाली ठेवला. हे विचारायची हिंमत मला आजपर्यंत झाली नव्हती.

"मले रडाचं होतं," हे म्हणाले. "तुह्यासमोर कसं रडू? तू बाहेर सगळं सांभाळून राह्यली होती." दोडक्याची एक फोड ताटाच्या काठाला सरकवली. मग म्हणाले, "मले भेव लागते. उद्याचं बी लागते, रोजचंच लागते. त्याले सांगत होतो."

म्हणजे ओसरीवर इतके दिवस हे चाललं होतं. मी समजत होती त्या माणसाने माझं प्रेम नेलं, हसणं नेलं, म्हातारपण नेलं. त्याने माझ्या नवऱ्याची भीती नेली होती, आणि ती माझी होती, पहिल्या दिवसापासून माझीच होती, बायकोची. मला त्याचा इतका हेवा वाटला की मेलेल्या माणसाचा कोणी करू नये. आता ती भीती माझ्या ताटाशेजारी येऊन पडली होती आणि मला तिचं काय करायचं ते येत नव्हतं. डॉक्टर चांगले आहेत म्हणू? देव आहे म्हणू? शाळेत जन्म गेला, एक वाक्य सुचेना.

शेवटी मी विचारलं, "तुम्ही असं म्हटलं, की भाऊजी काय म्हणत?"

"काही नाही," हे म्हणाले. "तो म्हणे, मलेबी लागते."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. माझ्याजवळ स्वतःचं काहीच नव्हतं, म्हणून त्याचंच घेतलं.

म्हटलं, "मलेबी लागते."